शेती व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर आधी घ्यावे की ठिबकचे ऑटोमेशन? द्राक्ष बागायतदारासाठी निवडीची रीत

निफाड, दिंडोरी किंवा तासगाव तालुक्यातल्या द्राक्ष बागायतदाराकडे माल निघून खरड छाटणीची (फळे काढल्यानंतरच्या उन्हाळी छाटणीची) तयारी सुरू झाली की दोन प्रकारचे विक्रेते हमखास येतात. एक जण मोबाईलवर ॲप उघडून प्लॉटचा नकाशा, फवारणीच्या नोंदी, मजुरांची हजेरी आणि एकरी खर्च दाखवतो. दुसरा बांधावर उभा राहून कंट्रोलर, सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघड-बंद होणारे कॉक) आणि ओलावा मोजणारे सेन्सर यांची माहिती देतो आणि घरबसल्या पाणी देता येईल असे सांगतो. दोन्ही वस्तू ‘स्मार्ट शेती’ या एकाच नावाखाली विकल्या जातात, त्यामुळे त्या एकमेकींना पर्याय आहेत असा समज होतो. प्रत्यक्षात त्यांचे काम पूर्णपणे वेगळे आहे. सॉफ्टवेअर लक्षात ठेवते आणि कंट्रोलर हात चालवतो. ज्या शेतावर हिशेब विस्कटलेला आहे तिथे कंट्रोलर बसवून हिशेब लागत नाही, आणि ज्या शेतावर रात्री दोन वाजता कॉक फिरवायला माणूस मिळत नाही तिथे उत्तमातल्या उत्तम ॲपचा काडीचाही उपयोग होत नाही.

म्हणून पहिला प्रश्न वस्तूचा नसून शेताचा आहे. पैसा, पाणी आणि माणसाचे श्रम यांपैकी नेमके काय आणि कुठे वाया जाते, हे ठाऊक असल्याशिवाय निवड करू नये. पुढची मांडणी द्राक्षबाग डोळ्यांपुढे ठेवून केली आहे, पण डाळिंब, भाजीपाला आणि ठिबकवरचा ऊस यांनाही तिचा बराचसा भाग लागू पडतो.

खरेदीआधी मोजणी

कोणतेही साधन घेण्यापूर्वी तीन गोष्टी मोजाव्यात. यासाठी लागणारा खर्च किरकोळ आहे आणि यातूनच अर्धी निवड आपोआप होते.

पहिली गोष्ट म्हणजे पाणी. मुख्य पाइपवर फिल्टरनंतर वॉटर मीटर बसवावा आणि दर पाळीला त्याचा आकडा वहीत लिहावा. आपण बागेला ‘दोन तास पाणी’ देतो असे सांगणारे बागायतदार पुष्कळ आहेत, पण त्या दोन तासांत किती लिटर गेले हे सांगणारे फार थोडे आहेत. व्होल्टेज कमी असताना, विहिरीची पातळी खाली गेलेली असताना किंवा फिल्टर तुंबलेला असताना त्याच दोन तासांत बरेच कमी पाणी जाते, आणि वेळेवर भिस्त ठेवणाऱ्याला ते कळत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पाण्याचे सारखे वाटप. एका सबमेनवरची (मुख्य पाइपच्या शाखेवरची) सुरुवातीची, मधली आणि शेवटची लॅटरल (ड्रीपर असलेली बारीक नळी) निवडावी, प्रत्येकीच्या सुरुवातीला, मध्ये आणि टोकाला ड्रीपरखाली सारख्या मापाचे डबे ठेवावेत आणि घड्याळ लावून सहा मिनिटे पाणी जमू द्यावे. तासाला ४ लिटर देणाऱ्या ड्रीपरखाली सहा मिनिटांत ४०० मिलिलिटर पाणी जमायला हवे. मेजरिंग जारने प्रत्येक डबा मोजल्यावर सुरुवातीला ४१० आणि टोकाला २७० असे आकडे आले, तर तिथे कंट्रोलर घेण्याचा विचारच पुढे ढकलावा. अशा संचावर ऑटोमेशन बसवले तर टोकाच्या वेली रोज वेळेवर आणि न चुकता उपाशी राहतील, एवढाच फरक पडेल. आधी लॅटरल फ्लश कराव्यात, क्षार बसले असतील तर आम्ल प्रक्रिया करावी, फिल्टरच्या दोन्ही बाजूंना प्रेशर गेज लावावेत आणि दोन्ही गेजमधला फरक अर्ध्या किलोच्या वर गेला की फिल्टर धुण्याची शिस्त लावावी. सर्वांत कमी पाणी मिळालेल्या एक चतुर्थांश डब्यांची सरासरी ही सगळ्या डब्यांच्या सरासरीच्या ८५ टक्क्यांहून जास्त असेल, तर संच ऑटोमेशन पेलण्याजोगा आहे असे समजावे.

तिसरी गोष्ट म्हणजे नोंद ठेवण्याची सवय. एक साधी वही घ्यावी आणि किमान एका छाटणीपुरती तरी प्रत्येक फवारणी, प्रत्येक खताचा डोस, प्रत्येक टोळीला दिलेली उचल आणि प्रत्येक पाळी तिच्यात त्याच दिवशी लिहावी. वही पंधरा दिवसांनी कोरी पडू लागली, तर ॲपदेखील पंधरा दिवसांनीच बंद पडणार. सॉफ्टवेअर विकत घेतल्याने लिहिण्याची सवय लागत नाही. सवय असेल तर ते लिहिलेल्याला उपयोगी रूप देते. ही परीक्षा फुकट आहे आणि तिच्यात नापास होणाऱ्याचे वर्गणीचे पैसे वाचतात.

पाण्याचे गणित आणि कॉकच्या फेऱ्या

ऑटोमेशनची गरज एकरावरून ठरत नाही, ती पाळ्यांच्या संख्येवरून ठरते. हे समजण्यासाठी एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. नऊ बाय पाच फुटांवर लावलेल्या बागेत एकरी सुमारे ९६८ वेली बसतात. प्रत्येक वेलीला तासाला ४ लिटरचे दोन ड्रीपर असतील, तर एक एकर तासाला ७,७४४ लिटर पाणी घेतो. एक एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४,०४७ लिटर. समजा, एखाद्या दिवशी बाष्पीभवन आणि वेलीची अवस्था पाहून ४ मिलिमीटर पाणी द्यायचे ठरले, तर एकरी सुमारे १६,२०० लिटर लागतील आणि त्यासाठी दोन तासांहून थोडा अधिक वेळ पंप चालवावा लागेल.

आता पंप तासाला २०,००० लिटर पाणी देत असेल, तर तो एका वेळी दोन एकर व्यवस्थित भागवतो. चार एकरांच्या बागेला अशा दोन पाळ्या पुरतात आणि दिवसाकाठी कॉक एकदाच बदलावा लागतो. एका फेरीसाठी व्हॉल्व्ह, वायरी, कंट्रोलर आणि त्यांची देखभाल एवढा पसारा मांडणे माझ्या मते शहाणपणाचे नाही. मोबाईलवरून पंप चालू-बंद करणारा स्टार्टर तिथे पुरेसा आहे. पुण्यात विकसित झालेले ‘नॅनो गणेश’ आणि त्यासारखी इतर साधने राज्यात बऱ्याच वर्षांपासून वापरात आहेत, आणि लहान बागेची गरज त्यांवर भागते. हीच बाग बारा एकरांची असेल, तर त्याच पंपावर सहा पाळ्या होतात आणि एकूण बारा तासांहून अधिक वेळ लागतो. तेवढा वेळ सलग वीज मिळत नसल्याने पाळ्या दोन दिवसांवर विभागाव्या लागतात, काल कोणता प्लॉट राहिला ते लक्षात ठेवावे लागते आणि त्यात विसरभोळेपणाला वाव मिळतो. इथे ऑटोमेशनची किंमत वसूल होते.

पाण्याचा साठा मर्यादित असेल तर हिशेब आणखी स्पष्ट होतो. शेततळ्यात २० लाख लिटर पाणी असून चार एकरांना रोज सुमारे ६५,००० लिटर लागत असतील, तर तळ्यातून उडून जाणारे पाणी बाजूला ठेवले तरी ते सुमारे ३१ दिवस पुरेल. दर पाळीला १५ टक्के पाणी जास्त गेले, तर तेच तळे २७ दिवसांत संपेल. मे महिन्याच्या शेवटी हे चार दिवस म्हणजे सुमारे अडीच लाख लिटरचा, अर्थात कितीतरी टँकरचा प्रश्न असतो. मात्र हे जास्तीचे १५ टक्के वाचवायला कंट्रोलरच हवा असे नाही. मीटरचा आकडा पाहून पंप बंद करणारा जबाबदार गडीही तेच करतो. असा माणूस रोज उपलब्ध आहे की नाही, यावर निर्णय अवलंबून आहे.

वीज कधी येते, हा खरा प्रश्न

कृषिपंपांच्या फीडरला (वीजवाहिनीला) मिळणारा थ्री-फेज पुरवठा मोजक्या तासांचा आणि अनेक ठिकाणी चक्राकार असतो: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वीज देण्याचे काम सुरू असल्यामुळे ज्या फीडरवर ते पूर्ण झाले आहे तिथली परिस्थिती बदलली आहे, आणि सौरपंपधारकांना तर रात्रीचा प्रश्नच उरत नाही. म्हणून आपल्या फीडरचे वेळापत्रक आणि येत्या वर्षातली त्याची शक्यता महावितरणच्या शाखा कार्यालयात विचारून घ्यावी. जिथे रात्रीचा पुरवठा कायम आहे तिथे मी फारसा हिशेब न मांडता ऑटोमेशनला पहिला मान देईन. जुन्नर, निफाड, दिंडोरी या पट्ट्यांत उसाच्या फडांमुळे बिबट्याचा वावर आहे, साप तर सगळीकडेच आहेत, आणि अंधारात बोदावरून कॉक शोधत फिरणाऱ्या माणसाच्या जिवाची किंमत एकरी खर्चाच्या रकान्यात मांडता येत नाही.

दुसरीकडे, ऑटोमेशनमुळे वीजबिल वाचेल असा हिशेब विक्रेत्याने मांडला तर तो सरळ बाजूला ठेवावा. राज्यात ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना २०२४ पासून मोफत विजेची योजना लागू आहे, त्यामुळे त्या शेतकऱ्यासाठी ही बचत कागदावरच राहते. याहून मोठा पंप असलेल्यांनी मात्र आपले बिल पाहून ती जरूर धरावी.

विजेच्या लपंडावामुळे कंट्रोलर निवडताना एक बारकावा फार महत्त्वाचा ठरतो. स्वस्त टायमर घड्याळावर चालतात: सहा ते आठ पहिला प्लॉट, आठ ते दहा दुसरा. सात वाजता वीज गेली आणि नऊ वाजता आली, तर असा टायमर पहिल्या प्लॉटचा राहिलेला तास विसरून थेट दुसऱ्या प्लॉटला पाणी सोडतो. दिवसभर अखंड वीज असलेल्या ठिकाणी हे चालून जाते. आपल्याकडे चालत नाही. म्हणून राहिलेला वेळ लक्षात ठेवून वीज आल्यावर तिथूनच पुढे चालणारा, आणि शक्य असेल तर वेळेऐवजी मीटरच्या लिटरवर चालणारा कंट्रोलरच घ्यावा. प्रात्यक्षिकाच्या वेळी पाळी चालू असताना स्वतः मेन स्विच पाडावा, दहा मिनिटांनी पुन्हा चढवावा आणि यंत्र काय करते ते पाहावे. विक्रेत्याच्या अर्ध्या तासाच्या भाषणापेक्षा ही दहा मिनिटे अधिक बोलकी असतात.

सॉफ्टवेअर कोणाला आधी हवे

ज्याचा माल निर्यातीला जातो, ज्याचे प्लॉट वेगवेगळ्या गटांत विखुरलेले आहेत आणि ज्याच्याकडे निर्णय घेणारा एक व काम करणारे दुसरे आहेत, त्याने सॉफ्टवेअरचा विचार आधी करावा.

निर्यातीचे कारण उघड आहे. अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात संस्थेची ग्रेपनेट ही प्रणाली २००६ पासून सुरू आहे. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी प्लॉटची नोंदणी, फवारणीच्या नोंदी आणि काढणीपूर्व नमुन्याची प्रयोगशाळेतली तपासणी ही साखळी तिच्यातून जोडली जाते. २०१० मध्ये क्लोरमेक्वॅट क्लोराईड या वाढनियंत्रकाच्या अवशेषांवरून भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले आणि निर्यातदारांबरोबर बागायतदारही होरपळले. अशा बाजारात कोणत्या तारखेला, कोणत्या प्लॉटवर, कशाची फवारणी झाली हे आठवणीवर सोडता येत नाही.

चांगले सॉफ्टवेअर इथे नेमके काय करते, ते एका नोंदीवरून पाहता येते. नोंदीत तारीख, प्लॉट क्रमांक, छाटणीपासूनचा दिवस, औषधाचे व्यापारी नाव, तांत्रिक नाव, प्रमाण, वापरलेले पाणी आणि फवारणी करणाऱ्याचे नाव एवढे रकाने हवेत. यातला तांत्रिक नावाचा रकाना सर्वांत मोलाचा आहे. दुकानात एकच घटक चार कंपन्यांच्या चार नावांनी मिळतो. मुलाने एका नावाचे आणि गड्याने दुसऱ्या नावाचे औषध आठवड्याच्या अंतराने मारले, तर वहीत त्या दोन वेगळ्या फवारण्या दिसतात, पण वेलीवर एकाच घटकाची मात्रा दुप्पट झालेली असते. तांत्रिक नाव ओळखणारे सॉफ्टवेअर तिथेच इशारा देते आणि काढणीपूर्व कालावधी (फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे किमान अंतर) अजून किती दिवस बाकी आहे तेही सांगते. ज्या ॲपमध्ये औषधाचे नाव केवळ मोकळ्या चौकटीत टाइप करायचे असते, ते महागडी वहीच म्हणायचे.

दुसरे कारण खर्चाचे. द्राक्षात मोठा खर्च औषधे, खते आणि मजुरी यांवर होतो. छाटणी, शेंडाखुडी, विरळणी, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे) अशी कामे उक्त्यावर टोळ्यांना दिली जातात; पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या टोळीला आधी उचल दिलेली असते आणि हिशेब शेवटी होतो. तीन प्लॉट, दोन टोळ्या आणि चार महिने असा पसारा असला की कोणत्या प्लॉटवर किती खर्च झाला हे कोणालाच नक्की सांगता येत नाही. एकूण नफा झाला एवढे कळते, पण वीस वर्षांची जुनी बाग नवीन बागेच्या कमाईवर जगते आहे हे लक्षात येत नाही. जुनी बाग तोडावी की आणखी दोन वर्षे ठेवावी, या निर्णयात लाखोंचा फरक असतो, आणि तो घेण्यासाठी प्लॉटवार हिशेबच लागतो. पाण्याचा कंट्रोलर याबाबतीत मुका आहे.

उलट, एका गटात सलग चार एकर बाग असलेल्या आणि नवरा-बायको मिळून सगळे काम पाहणाऱ्या कुटुंबाला विकतच्या सॉफ्टवेअरची गरज क्वचितच पडते. फवारणीची वही, मोबाईलमधली एक साधी हिशेबाची शीट आणि दुकानाच्या बिलांचे फोटो एवढ्यावर भागते. माल एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत किंवा निर्यातदारामार्फत जात असेल, तर त्यांचे स्वतःचे नोंदणी ॲप असण्याची शक्यता मोठी आहे. ते सोडून दुसऱ्या ॲपची वर्गणी भरली तर तीच माहिती दोनदा भरत बसावे लागते.

सॉफ्टवेअर घेण्याचे ठरलेच, तर नोंद कोण करणार हे आधी नावानिशी ठरवावे. घरातला शिकणारा मुलगा करील असे मोघम ठरवू नये, कारण हंगाम ऐन भरात असताना त्याची परीक्षा असते. पुष्कळ घरांत हे काम सून किंवा मुलगी नेटके करते, पण मग फवारणी झाल्यावर तिला तपशील सांगायची जबाबदारीही कोणा एकाची असली पाहिजे.

सेन्सरचे ऐकावे, पण किती

ऑटोमेशन विकताना सेन्सरचा उल्लेख ‘जमीनच सांगेल तिला पाणी केव्हा हवे’ अशा थाटात होतो. सेन्सर उपयोगी आहेत, यात शंका नाही. एक सेन्सर ३० सेंटिमीटरवर आणि दुसरा ६० सेंटिमीटरवर असेल, तर दिलेले पाणी मुळांच्या खाली निघून जाते का हे कळते आणि वाफसा टिकतो की नाही याचा अंदाज येतो. मात्र जमिनीप्रमाणे त्यांचे वागणे बदलते. भारी काळ्या जमिनीत भेगा पडल्या की सेन्सरभोवती पोकळी होते आणि तो भलताच कोरडा आकडा दाखवतो; मुरमाड जमिनीत दोन फुटांवर वेगळी माती लागते आणि एका ठिकाणचा आकडा साऱ्या प्लॉटला लागू होत नाही. टेन्शिओमीटर (मातीने पाणी किती घट्ट धरले आहे ते दाखवणारी पाण्याने भरलेली नळी) साधा आणि भरवशाचा आहे, पण साधारण ८० किलोपास्कलपलीकडे माती सुकली की त्यात हवा शिरते आणि तो पुन्हा पाण्याने भरावा लागतो.

याहून महत्त्वाची बाब अशी की ओलावा आणि गरज या दोन गोष्टी नेहमी सारख्या नसतात. खरड छाटणीनंतर काडीत सूक्ष्म घडनिर्मिती होत असताना पाणी जाणूनबुजून कमी केले जाते, आणि डाळिंबात तर बहार धरण्यापूर्वी ताणच द्यावा लागतो. केवळ ओलाव्यावर चालणाऱ्या कंट्रोलरला यातले काही ठाऊक नसते. माती सुकली की तो इमानेइतबारे पाणी सोडतो आणि महिनाभर जपलेला ताण एका रात्रीत मोडतो. म्हणून प्रत्येक प्लॉटचे स्वयंचलित पाणी स्वतंत्रपणे बंद करण्याची सोय असल्याशिवाय, आणि ती सोय गड्यालाही वापरता येईल एवढी सोपी असल्याशिवाय, सेन्सरवर आधारित ऑटोमेशन घेऊ नये. किंबहुना पहिले वर्षभर सेन्सरने फक्त माहिती द्यावी आणि निर्णय माणसाने घ्यावा, अशी रचना अधिक सुरक्षित आहे. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशी वेलीची अवस्था आणि बाष्पीभवन यांवर पाणी ठरवायला सांगतात. त्या शिफारशी, मीटरचा आकडा आणि सेन्सरचा कल अशी तिन्ही माहिती जुळवून पाहिली की दुसऱ्या वर्षी कंट्रोलरला काय सांगायचे हे कळते.

हवामान केंद्र आणि रोगाचा अंदाज ही तिसरी वस्तू बहुधा या दोहोंपैकी एकीला चिकटवून विकली जाते. डाऊनी आणि भुरी या बुरशीजन्य रोगांच्या दृष्टीने तिची उपयुक्तता मोठी असू शकते, पण तिचा हिशेब वेगळा मांडावा. केवळ तिच्या मोहाने नको असलेला कंट्रोलर गळ्यात पडू देऊ नये.

करारापूर्वी तपासायच्या गोष्टी

ऑटोमेशनच्या बाबतीत पहिली तपासणी नेटवर्कची. विहिरीपाशी, म्हणजे पंपाच्या पेटीजवळ, कोणत्या कंपनीचे सिग्नल मिळते ते पाहावे. यंत्रातले मॉडेम केवळ टू-जीवर चालणारे असेल, तर त्यात जिओचे सिम चालत नाही, कारण त्या कंपनीचे टू-जी नेटवर्कच नाही. शिवाय सिमचा रिचार्ज संपणे हे यंत्र ‘बिघडण्याचे’ एक नेहमीचे कारण आहे. तो कोणी करायचा हे ठरवून ठेवावे. प्लॉट दूर असतील तर व्हॉल्व्हपर्यंत वायर नेण्यापेक्षा बॅटरी व सौर पॅनेलवर चालणारी, लोरा पद्धतीची (लांब पल्ल्याच्या रेडिओ लहरींवर चालणारी) बिनतारी उपकरणे बरी पडतात, कारण आंतरमशागतीत तुटलेली किंवा उंदरांनी कुरतडलेली वायर शोधण्यात दिवस जातो.

दुसरी तपासणी पंपाच्या संरक्षणाची. फेज गेल्यास, व्होल्टेज घसरल्यास आणि विहीर कोरडी पडल्यास पंप आपोआप थांबला पाहिजे. पुढचा व्हॉल्व्ह उघडल्यानंतरच मागचा बंद झाला पाहिजे, आणि शेवटच्या पाळीत आधी पंप व मग व्हॉल्व्ह बंद झाला पाहिजे. हा क्रम उलटा झाल्यास पाइप फुटतात. प्रत्येक व्हॉल्व्ह हाताने उघडता यावा आणि कंट्रोलर पूर्ण बंद असतानाही जुन्या पद्धतीने पाणी देता यावे, ही अट करारात लिहून घ्यावी. विजांच्या मोसमासाठी अर्थिंग आणि सर्ज संरक्षण कोण करून देणार, तेही लिहून घ्यावे.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत मोबाईलचा डेटा बंद करून विक्रेत्याला एक नोंद करायला सांगावे, कारण बांधावर नेट नसते. चुकलेली नोंद दुरुस्त करून दाखवायला सांगावे. आपल्या सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये उतरवून मिळतात का आणि वर्गणी बंद केल्यावर त्या किती काळ उपलब्ध राहतात, हे विचारावे. या प्रश्नाला थेट उत्तर न देणाऱ्याकडे आपल्या बागेची पाच वर्षांची माहिती ठेवणे धोक्याचे आहे. मराठी केवळ मेनूमध्ये आहे की अहवालांतही आहे, हेही पाहावे; गड्याने वाचायचा फवारणीचा आदेश इंग्रजीत छापून आला तर पुन्हा तोंडी सांगण्याची वेळ येते.

अनुदानाबद्दल एवढेच लक्षात ठेवावे की ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान मिळते, आणि मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेच्या पूरक अनुदानामुळे ते अनुक्रमे ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत पोहोचते. हे प्रमाण शासनाने ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडावर मोजले जाते, विक्रेत्याच्या कोटेशनवर नाही. महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी करू नये, आणि कोटेशनमध्ये ठिबक संचाची रक्कम व ऑटोमेशनची रक्कम वेगवेगळी दाखवायला लावावी. ‘सगळे अनुदानात बसवून देतो’ या तोंडी आश्वासनावर सही करू नये.

प्रत्यक्ष निवड

एवढी तपासणी झाल्यावर निवड सहसा अवघड राहत नाही. दिवसा वीज मिळणारी, दोन पाळ्यांची, घरच्या माणसांनी पाहिलेली आणि स्थानिक बाजारात जाणारी बाग असेल, तर मीटर, प्रेशर गेज, मोबाईल स्टार्टर आणि वही यांवर थांबावे. रात्रीचीच वीज असेल, किंवा चार वा अधिक पाळ्या आणि कमी पडणारे पाणी या दोन्ही अडचणी असतील, तर ऑटोमेशन आधी घ्यावे. निर्यातीचा माल, विखुरलेले प्लॉट आणि पगारी व्यवस्थापक अशी रचना असेल, तर सॉफ्टवेअर आधी घ्यावे. दोन्ही बाजूंची गरज तितकीच तीव्र असेल, तर सॉफ्टवेअर गोडी छाटणीपूर्वी (ऑक्टोबरच्या सुमाराच्या फळछाटणीपूर्वी) सुरू करावे, कारण फवारण्यांचा दाट काळ तिथून पुढे असतो. आणि ऑटोमेशनचे काम माल निघाल्यावर, बाग मोकळी असताना करावे. एकाच हंगामात दोन्ही नवीन गोष्टी सुरू केल्या, तर दोन्ही अर्धवट राहतात.

सगळ्या बागेवर एकदम काहीच बसवू नये. ऑटोमेशन एका सबमेनवर घ्यावे आणि शेजारची सबमेन जुन्या पद्धतीवर ठेवावी. दोन्हीकडे स्वतंत्र मीटर असावेत. दोन्ही बाजूंचे लिटर, मण्यांचा आकार, एकरी उतारा आणि गड्याच्या फेऱ्या हंगामाच्या शेवटी शेजारी शेजारी लिहाव्यात. सॉफ्टवेअरच्या बाबतीत पहिल्या वर्षी एकाच वर्षाची वर्गणी भरावी, तीन वर्षांच्या सवलतीला भुलू नये, आणि नूतनीकरणाच्या तारखेआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा: या वर्षात त्यातल्या कोणत्या अहवालामुळे आपण एखादा निर्णय बदलला? असा एकही निर्णय सांगता येत नसेल, तर नोंदी एक्सेलमध्ये उतरवून घ्याव्यात आणि वर्गणी थांबवावी.